आईंना एकटीनं कुठवर जाता येईल?

सासरे गेल्यावर सासूबाई बार्शीचं घर बंद करून आमच्याकडे पुण्याला आल्या आणि धनकवडीतलं आमचं भाड्याचं वन बीएचके पुरेनासं झालं. मुलगी पाच वर्षांची, पुढच्या जूनमध्ये पहिलीत जाणार. अकरा महिन्यांचा करार संपत आला होता आणि मालकांना घर स्वतःसाठी हवं होतं. २०२४ च्या पावसाळ्याच्या तोंडावर आम्ही ठरवलं की आता दुसरं भाड्याचं घर शोधायचं नाही, स्वतःचंच घ्यायचं. आमच्या दोघांच्या घरांत पुण्यात फ्लॅट घेतलेलं कोणी नाही. त्यामुळे विचारायचं कोणाला, सुरुवात कुठून करायची, सगळंच नवीन होतं.

सासूबाईंना मी आईच म्हणते, इथंही तसंच लिहिते. नवरा पिरंगुटच्या एका कारखान्यात मेंटेनन्सला आहे आणि मी रुबी हॉल मेट्रो स्टेशनजवळच्या एका ऑफिसात अकाउंट्स बघते. दोघांच्या पगारावर साठ लाखांच्या आतबाहेर कर्ज मिळेल असं बँकेनं सांगितलं. वरचे आमच्या शिलकीतले, आणि सासऱ्यांचा एसटीतला फंड आईंनी आपणहून पुढे केला. पासबुक माझ्या हातात देताना म्हणाल्या, "घर लहान असलं तरी चालेल. वस्ती चांगली बघा." चांगली वस्ती म्हणजे नेमकी कोणती, हे कळायला आम्हाला पुढचा उन्हाळा उजाडला.

सुरुवात सगळे करतात तशीच झाली. नवऱ्याचं काम पिरंगुटला, म्हणून आधी पौड रस्ता धरला. चांदणी चौकाच्या पुढे भूगावच्या बाजूला नवे टॉवर झालेत. तिथला एक सॅम्पल फ्लॅट पाहिला आणि नवऱ्याला तो मनापासून आवडला. ७०० स्क्वेअर फुटांच्या वर कार्पेट, म्हणजे भिंतींच्या आतली वापरायची जागा, दोन बाल्कन्या, समोर डोंगर, खाली लहान मुलांची बाग, कारखाना जवळ. किंमत ६८ लाख, वर जीएसटी ५ टक्के, ताबा अडीच वर्षांनी. म्हणजे तोवर हप्ताही भरायचा आणि भाडंही. महारेराच्या, म्हणजे बांधकाम प्रकल्पांची नोंदणी ठेवणाऱ्या राज्याच्या प्राधिकरणाच्या वेबसाइटवर त्या प्रकल्पाचा नोंदणी क्रमांक टाकून सगळं वाचलं. नकाशाची मंजुरी, पूर्णत्वाची तारीख, चालू असलेले खटले, सगळं तिथं दिसतं आणि ते बघायला पैसे लागत नाहीत. कागद व्यवस्थित होते. नोंदणीकृत करार होईपर्यंत दहा टक्क्यांहून जास्त रक्कम घेता येत नाही, हा रेरा कायद्यातला नियमही विक्रीवाल्या मुलानं आपणहून सांगितला.

मी पाण्याचं विचारलं. "मॅडम, ग्रामपंचायतीचं कनेक्शन आहे, बोअर आहे, टँकर क्वचितच." तिथून निघताना माझ्या मनात आलं, की शेजारी जो पूर्ण झालेला, लोक राहायला आलेला प्रकल्प आहे, तिथं विचारावं. गेटवर वॉचमनकाका होते, परभणीकडचे. बोलता बोलता त्यांनी टँकरचं रजिस्टर माझ्यासमोर ठेवलं. लांबट, पुठ्ठ्याच्या बांधणीचं, कडा पाण्यानं फुगलेल्या. तारीख, वेळ, गाडी नंबर, लिटर, ड्रायव्हरची सही. लिटरच्या रकान्यात सगळीकडे १०,०००. पावसाळा सुरू झालेला, त्यामुळे चालू पानावर आठवडा-दीड आठवडा मावला होता. मी मागे चाळत गेले. मेच्या पानांवर दोनच दिवस मावलेले. रात्री दोन, पहाटे चार, पुन्हा सकाळी सहा. एका ठिकाणी ड्रायव्हरच्या सहीऐवजी निळ्या शाईतला अंगठा होता आणि शेजारी 'पाणी गढूळ, परत' असा शेरा. काका म्हणाले, "उन्हाळ्यात झोप नसते ताई. गाडी आली की व्हॉल्व्ह उघडायला उठावं लागतं."

त्या दिवसापासून मी घर बघायला गेले की आधी गेटवर थांबायला लागले. हे रजिस्टर, नाहीतर नोटीस बोर्डावर लावलेला महिन्याचा जमाखर्च. मेंटेनन्स किती हा प्रश्न सगळे विचारतात आणि त्याचं उत्तर नीटनेटकं मिळतं. पाण्याचा खर्च किती आणि तो मेंटेनन्समध्ये धरलाय की वेगळा, हे विचारलं की खरा आकडा बाहेर येतो.

तरी भूगाव लगेच यादीतून गेलं नाही. नवऱ्याचं म्हणणं असं की पाणी आज ना उद्या येईल, रस्ता रुंद होईल, आणि तोवर भाव चढलेले असतील. त्याच्या म्हणण्यात तथ्य होतं. कोथरूडही एके काळी गावाबाहेरच होतं की. पण मग आम्ही एका कामाच्या दिवशी संध्याकाळी तिथं गेलो. रविवारी सकाळी मोकळा असलेला तो गावातला रस्ता संध्याकाळी साडेसातला बघितला. डंपर, कंपन्यांच्या बसेस, पौड-मुळशीकडची सगळी वाहनं त्या एकाच रस्त्यावर. तो स्वतः रोज त्याच रस्त्यानं येतो, त्यामुळे त्याला ते नवीन नव्हतं. नवीन होतं ते मी पलीकडे मुलीचा हात धरून उभी होते आणि रस्ता ओलांडू शकत नव्हते, हे बघणं.

मग सिंहगड रस्ता. तिकडे माझी मैत्रीण राहते, आणि आमच्या बजेटमध्ये तिकडे रेडी पझेशनचे टू बीएचके मिळत होते. त्याच सुमारास, २५ जुलै २०२४ ला, खडकवासल्यातून पाणी सोडलं आणि एकतानगरीत सोसायट्यांच्या तळमजल्यात पाणी शिरलं. बोटीतून लोकांना काढतानाचे व्हिडिओ सगळ्यांनी पाहिले. नदीकाठी घर बघताना पूररेषा बघायची असते हे तोवर मला ऐकूनसुद्धा माहीत नव्हतं. आमच्या ऑफिसातले एक सिव्हिल इंजिनिअर आहेत, त्यांनी समजावलं: निळी रेषा म्हणजे पंचवीस वर्षांतून एकदा येईल अशा पुराची, लाल म्हणजे शंभर वर्षांतून एकदा येईल अशा पुराची. विकास आराखड्यात दोन्ही असतात. पण ते पुढे असंही म्हणाले, की पुण्यात पूर नदीच्याच काठी येतो असं धरून चालू नका, ओढे बघा. २५ सप्टेंबर २०१९ ची रात्र धनकवडी-सहकारनगरकडच्या लोकांना सांगायला नको. आंबिल ओढ्याला त्या रात्री जो पूर आला, त्याच्या भिंतींवरच्या खुणा आमच्या भाड्याच्या घरापासून लांब नव्हत्या. त्यामुळे प्रत्येक घराच्या मागे वाहतं काय, नाला असेल तर तो कुठून कुठे जातो, आणि तो अरुंद करून वर कोणी बांधलंय का, हे आम्ही पायी जाऊन बघायचो.

सिंहगड रस्त्यावर पुढे गेलं की नांदेड, किरकटवाडी, धायरी. धायरी २०१७ मध्ये महापालिकेत आली, नांदेड-किरकटवाडी २०२१ मध्ये आलेल्या २३ गावांमधली. जाहिरातीत 'पीएमसी हद्दीत' असं ठळक असतं, आणि ते खरंच असतं. कर महापालिकेचा लागतो. नळाला महापालिकेचं शुद्ध केलेलं पाणी येतं की गावच्या विहिरीचं, की टँकरचं, हे मात्र प्रत्येक गल्लीत वेगळं विचारावं लागतं. आम्ही विचारत होतो, एक घर जवळजवळ पसंतही पडलं होतं, आणि जानेवारी २०२५ मध्ये त्याच पट्ट्यातून गुईलेन बॅरे सिंड्रोमच्या बातम्या यायला लागल्या. हातापायांतली ताकद जाते, काहींना व्हेंटिलेटर लागतो. नांदेड, किरकटवाडी, धायरी, खडकवासला. घरोघर पाहणी सुरू झाली, पाणी उकळून प्या असं सांगितलं गेलं. माझ्या मैत्रिणीच्या घरी दोन्ही शेगड्यांवर सतत पातेली. तिचा मुलगा आमच्या मुलीच्या वयाचा. फोनवर ती म्हणाली, "मी इथं घर घेतलंय, मला इथंच राहायचंय आणि राहणार आहे. पण तू अजून घेतलेलं नाहीस." त्या एका वाक्यावर तो पट्टा आम्ही सोडला. तिथं आज हजारो कुटुंबं राहतात, त्यांना चांगलं पाणी मिळणं हा त्यांचा हक्क आहे आणि ते त्यासाठी भांडतायत. माझ्याकडे निवडायची मुभा होती, तेवढाच काय तो फरक.

यानंतर घरात खरा वाद झाला. नवऱ्याचं म्हणणं, असं एकेक काढत गेलो तर पुण्यात राहायला जागाच उरणार नाही. कुठे पाणी नाही, कुठे रस्ता नाही, कुठे पूर. कुठेतरी तडजोड करावीच लागेल, मग ती मोठ्या घरासाठी का नको? मी म्हटलं, तडजोड कोणाच्या दिवसातून करायची ते आधी ठरवू. वही काढली आणि घरातल्या चौघांचा दिवस लिहिला. तो सकाळी सातला बाहेर, संध्याकाळी सातला घरी. मी नऊला बाहेर, साडेसहाला घरी. मुलगी शाळेचे चार-पाच तास सोडले तर घरी. आई चोवीस तास घरी. म्हणजे जे दोघं घर निवडत होते, ते त्या वस्तीत जागेपणी जेमतेम राहणार होते. आणि जिला तिथं पूर्ण दिवस काढायचा होता, तिला आम्ही आतापर्यंत एकाही साइटवर नेलं नव्हतं, कारण 'उन्हात कुठे फिरवायचं त्यांना.'

तेव्हापासून आई बरोबर यायला लागल्या. आणि बघायची पद्धतच बदलली.

बार्शीला आईंचं रोजचं फिरणं ठरलेलं होतं. सकाळी भगवंताचं मंदिर, येताना भाजी, दुपारी शेजारच्या काकूंकडे, संध्याकाळी पुन्हा देवळात हरिपाठाला. कुणाला विचारायला लागायचं नाही, कुणी सोडायला लागायचं नाही. धनकवडीत त्या बाहेर पडायच्या, पण लांब जायचं तर माझी वाट बघायच्या. हे मला दिसत होतं, पण घर निवडण्याशी त्याचा संबंध आहे असं तोवर डोक्यात आलं नव्हतं. आता आम्ही कुठल्याही सोसायटीत घर आतून बघायच्या आधी आईंना गेटबाहेर सोडायचो आणि त्या चालायला लागायच्या. मी मागे थोड्या अंतरावर. भाजीवाला कुठवर आहे, देऊळ कुठे, मेडिकल कुठे, बसायला कट्टा आहे का, फुटपाथ आहे का, आणि असेल तर त्यावर गाड्या उभ्या आहेत का.

बावधनला फार छान सोसायटी होती. झाडं मोठी, हवा थंड, मंदिरही होतं. पण रस्ता सगळा चढउताराचा, आणि जरा पुढे गेलं की हमरस्ता. चांदणी चौकातला नवा पूल ऑगस्ट २०२३ मध्ये सुरू झाल्यापासून गाड्यांची चांगली सोय झालीय, पण तिथं पायी चालणाऱ्या माणसाला पलीकडे कसं जायचं ते कळत नाही. आई बराच वेळ कडेला उभ्या राहिल्या. मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "हित म्या एकटी यायची न्हाई गं. घरातच बसंन." त्यांनी तक्रार केली नव्हती, त्या फक्त सांगत होत्या. नवऱ्यानं ते ऐकलं. गाडीत बसल्यावर बराच वेळ तो काही बोलला नाही, आणि घरी आल्यावर त्यानं स्वतः भूगावच्या साइटला फोन करून नाही म्हणून कळवलं.

मग जुन्या वस्त्या. वारजे, कर्वेनगर, कोथरूडचा डहाणूकर कॉलनीकडचा भाग. इथं आमच्या पैशांत नवीन काहीच बसत नाही. बसतात ते १९९० च्या आसपासच्या इमारतींमधले फ्लॅट: तीन-चार मजले, लिफ्ट नाही, पार्किंग दुचाकीपुरतं, स्वयंपाकघर अरुंद. कार्पेट सव्वासहाशे-साडेसहाशे फूट. पहिल्यांदा बघताना वाईट वाटतं, कारण डोळ्यासमोर सॅम्पल फ्लॅट असतो. नवऱ्याला फार वाटलं.

पण या वस्त्यांमध्ये विचारायला माणसं असतात, आणि ती खरं सांगतात. एजंट घर दाखवतो. मेडिकल दुकानदार सांगतो की रात्री अकराला ताप चढला तर कोणता डॉक्टर दार उघडतो. रिक्षा स्टँडवर कळतं की पावसात कुठल्या चौकात पाणी साठतं. आणि सगळ्यांत उपयोग झाला तो कचरा गोळा करणाऱ्या 'स्वच्छ' या सहकारी संस्थेच्या ताईंचा. सकाळी सातच्या सुमाराला कमिन्स कॉलेजच्या रस्त्याला आत एका गल्लीत त्या ढकलगाडी घेऊन चालल्या होत्या. मी सहज विचारलं की या दोन बिल्डिंगांपैकी कोणती बरी. त्यांनी गाडी बाजूला घेतली आणि व्यवस्थित सांगितलं. एका इमारतीत वरच्या मजल्यावर पाणी चढत नाही, सकाळी बायका बादल्या घेऊन खाली उतरलेल्या असतात. दुसरीत पाणी भरपूर, पण दोन घरांची भांडणं आहेत, मीटिंगला मारामारीची वेळ येते. "आनि ती पिवळी, कोपऱ्यातली, तिथली मान्सं चांगली. ओला-सुका वेगळा करून देत्यात." माणसं कशी आहेत हे कचऱ्यावरून कळतं, आणि ताई रोज प्रत्येक दारात जातात. त्या पिवळ्या इमारतीत फ्लॅट विकायला आहे का, हे मग आम्हीच शोधत गेलो. होता. पहिल्या मजल्यावर.

आईंची चाल तिथंही झाली. गेटमधून डावीकडे शंभर पावलांवर दत्ताचं देऊळ, त्याला लागून भाजीच्या तीन हातगाड्या, पुढे पिठाची गिरणी, मेडिकल, दोन डॉक्टर. मोठा रस्ता ओलांडायला लागत नाही. आई देवळाच्या कट्ट्यावर बसल्या, शेजारी दोघी-तिघी बसलेल्या होत्या. मी पोहोचेपर्यंत त्यातल्या एकीचं माहेर वैरागचं निघालं होतं. बार्शी-वैराग म्हणजे शेजारचंच गाव. मला बघून आई म्हणाल्या, "तुम्ही घर बघून या, मी हितंच हाय."

घर आम्ही बघितलं. ६४० कार्पेट, पूर्वेचा हॉल, बाथरूमच्या भिंतीला ओल, खिडक्या जुन्या सरकत्या. पाणी महापालिकेचं, सकाळी. टँकर फक्त लाइनचं काम निघालं तरच. जमाखर्चाचे तीन वर्षांचे कागद सचिवकाकांनी न मागता दिले, त्यात टँकरची नोंद हाताच्या बोटांवर. नदी जवळ आहे, राजाराम पूल लांब नाही, म्हणून पूररेषा इथंही बघितली. इमारत दोन्ही रेषांच्या बरीच वर आहे. मुलीला हव्या त्या सेमी इंग्रजी शाळा चालत जाण्याच्या अंतरावर. महर्षी कर्व्यांनी १९०० साली आपला आश्रम हिंगण्याच्या माळावर आणला, तेव्हापासून या भागात शाळांची परंपराच आहे. नवीन उपनगरांत आम्ही बघितलेल्या बहुतेक शाळा सीबीएसईच्या, फी आमच्या हप्त्याच्या जवळ जाणारी, आणि स्कूलबसशिवाय जमायचंच नाही. माझ्यासाठी नळस्टॉपपर्यंत बस आणि तिथून थेट मेट्रो. नवऱ्याला चांदणी चौकातून पिरंगुट, भूगावपेक्षा रोजची वीसेक मिनिटं जास्त. ती वीस मिनिटं त्यानं घेतली, आणि ती लहान गोष्ट नाही हे मी जाणते.

कागदांचा भाग त्यामानानं सरळ गेला, पण जुन्या इमारतीत काही गोष्टी नव्या घरापेक्षा वेगळ्या बघायच्या असतात, म्हणून लिहिते. सगळ्यांत आधी कन्व्हेयन्स. जमीन सोसायटीच्या नावावर झाली आहे का? आधी बघितलेल्या एका सोसायटीत तीस वर्षं झाली तरी ती झालेली नव्हती. मानीव अभिहस्तांतरणाची, म्हणजे बिल्डरनं जमीन नावावर करून दिली नाही तरी ती करून घेण्याची तरतूद कायद्यात आहे, पण तो अर्ज करायला सभासद एकत्र यावे लागतात, आणि तिथं ते येत नव्हते. इथं सातबाऱ्याच्या जागी मिळकत पत्रिकेवर सोसायटीचं नाव होतं. मग भोगवटापत्र (इमारत राहायला योग्य असल्याचा महापालिकेचा दाखला), विकणाऱ्यांचा मूळ करार आणि त्याचा इंडेक्स टू (नोंदणी कार्यालयातला त्याचा गोषवारा), शेअर सर्टिफिकेट, सोसायटीचं ना हरकत पत्र, थकबाकी नसल्याचा दाखला. वकिलांनी तीस वर्षांचा सर्च रिपोर्ट, म्हणजे मालकीच्या जुन्या व्यवहारांची तपासणी, काढला. पंधरा ते तीस वर्षांच्या इमारतीचं दर पाच वर्षांनी आणि त्यापुढच्या इमारतीचं दर तीन वर्षांनी स्ट्रक्चरल ऑडिट, म्हणजे मजबुतीची तपासणी, व्हायला हवी; सोसायटीचा शेवटचा अहवाल मागून घेतला आणि बँकेलाही तो लागला. पुनर्विकासाची चर्चा सोसायटीत आहे का, हेही विचारलं. आहे, पण ठराव झालेला नाही. काही एजंट पुनर्विकासात मोठं घर मिळेल असं सांगून जुना फ्लॅट महाग विकतात. आम्ही किंमत ठरवताना तो भाग शून्य धरला.

७८ लाखांवर सौदा ठरला. घर माझ्या एकटीच्या नावावर घेतलं. महाराष्ट्रात फक्त स्त्रीच्या नावावर घर घेतलं तर मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत आहे. पुण्यात सातऐवजी सहा टक्के, म्हणजे आमचे ७८ हजार वाचले. नवरा-बायको दोघांच्या नावावर असेल तर ही सवलत मिळत नाही. नवरा कर्जात सहकर्जदार आहे. हे ठरवताना त्याच्या बाजूच्या काही नातेवाइकांना ते खटकलं. आई फक्त एवढंच म्हणाल्या, की त्यांच्या बार्शीच्या घराच्या उताऱ्यावर त्यांचं नाव सासरे गेल्यावर लागलं, हिचं आधीच लागू दे. तो विषय तिथं संपला.

नोंदणी फी ३० हजार. किंमत ५० लाखांच्या वर असल्यानं विकणाऱ्याच्या रकमेतून एक टक्का टीडीएस, म्हणजे त्यांचा प्राप्तिकर, कापून आपण भरायचा असतो; आम्ही भरला तेव्हा तो २६ क्यूबी फॉर्मवर होता. हे पहिल्यांदा घर घेणाऱ्याला सहसा कोणी सांगत नाही, वकील सांगतील म्हणून थांबू नका. आणि कर्ज किंमतीच्या ऐंशी टक्क्यांपर्यंत मिळू शकत असलं, तरी मुद्रांक शुल्क, नोंदणी, दलाली, वकील, रंगकाम हे सगळं खिशातून. जुन्या इमारतीला बँकेचं मूल्यांकन सौद्याच्या किमतीपेक्षा कमी येतं हेही धरून चाला. आम्हाला शेवटी ५८ लाख मंजूर झाले. आईंचा फंड नसता तर हे घर झालं नसतं.

हवेलीच्या दुय्यम निबंधक कार्यालयात गर्दी होती. फोटो, अंगठा, साक्षीदार, आणि बोलावणं येईपर्यंत बाकावर बसणं. विकणारे काका-काकू मुलाकडे बंगळूरला कायमचे निघाले होते. सह्या झाल्यावर काकूंनी मला बाजूला घेऊन स्वयंपाकघरातल्या कुठल्या नळाला सकाळी पाणी आधी येतं ते सांगितलं, आणि वरच्या मजल्यावरच्या बाईंना डायलिसिसला जावं लागतं, तेव्हा मंगळवारी-शुक्रवारी जिन्यात सायकल ठेवू नको म्हणाल्या.

मे २०२५ मध्ये राहायला आलो. जूनमध्ये मुलीची शाळा सुरू झाली, तिला सोडायला आई जातात, येताना भाजी घेऊन येतात. ओल काढायला भिंत फोडावी लागली, ते काम अजून पुरतं झालेलं नाही. गाडीचा प्रश्न सुटलेला नाही. रस्त्यावर जागा मिळेल तिथं लावावी लागते आणि रात्री उशिरा आलं की नवरा दोन गल्ल्या फिरतो. एक जिना आज आईंना चढता येतो. त्यांचे गुडघे अजून दहा वर्षांनी काय म्हणतील याचं उत्तर आमच्याकडे नाही. सोसायटीच्या पुढच्या सभेत जिन्याला दोन्ही बाजूंनी कठडा करून घ्यायचा विषय मी लेखी दिला आहे, वरच्या मजल्यावरच्या बाईंच्या घरच्यांनीही त्यावर सही केलीय. स्वतः राहत असलेल्या घराला मिळकतकरात मिळणाऱ्या चाळीस टक्के सवलतीसाठी पीटी-३ अर्ज भरायचा आहे, त्याला सोसायटीचा दाखला लागतो, तो सचिवकाका रविवारी देणार आहेत.